खलास

वीस जूनला चारुहास आणि मुलं कराडला गेली.
मला रजा नाही. सहामाहीचा ताळेबंद.
फहाहीलमध्ये पारा पन्नासवर,
गार पाण्याच्या नळाला चहाचं आधण येतं,
आणि लग्नानंतर अकरा वर्षांनी
रिमोट माझ्या हातात.

जाताना चारुहास म्हणाला, एखादी नवी मालिका धर,
वेळ जाईल.
गॅस बंद कर, पासपोर्ट कपाटात आहेत,
त्याच सुरात.

पहिल्या रात्री शोधण्यातच साडेबारा वाजले.
एकीत बर्फ होता आणि बर्फात प्रेत.
मी दोन भाग नुसता बर्फ बघितला,
खुनी कोण याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.
एकीत चारजण सोफ्यावर बसून
माझ्याआधी हसायचे.
आपली एक लावली, तर सासू सुनेकडे बघायला लागली;
मी भांडी घासून, ओटा पुसून आले
तरी बघतच होती.

ऑफिसात बिन्सीनं चलनाच्या पाठीवर सात नावं लिहून दिली.
पाचव्या भागापासून पकड घेते म्हणाली.
पाचव्यापर्यंत धीर धरायला
मी घरी काय कमी धरते?

फोनवर ऋतुज विचारतो, आई, काय बघतेस?
शोधतेय.
अजून?
मागे कुणीतरी जेवायला हाका मारत असतं
आणि तो फोन तसाच ठेवून पळतो.
मग मी बराच वेळ कराडचं छत बघते.
पंखा. एक पाल.
तोही एक भागच.

भिंतीपलीकडे रोज नऊ वाजता एक बाई रडायची.
चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी
हातात साबुदाणा वड्यांची ताटली, निमित्त म्हणून,
बेल वाजवली.
उम्म गस्साननी दार उघडलं. डोळे कोरडे ठणठणीत.
रडणारी टीव्हीवर होती,
इस्तंबूलच्या एका जिन्यात, महागड्या कोटात.
त्यांनी माझं मनगट धरलं, खाली बसवलं,
आणि वडा मोडता मोडता पडद्याकडे बोट दाखवलं:
बघ.

मला अरबी येत नाही.
पण वारस म्हणाले, कान टवकारले.
तारीख. हिसाब. खबर.
अरे, हा तर आमच्या तलाठ्याचा शब्दकोश!
इस्टेटीची भानगड आहे हे मी तिथेच ओळखलं,
धाकटा भाऊ हरामखोर आहे हेही.

भाग संपला. उम्म गस्सान हात झटकून म्हणाल्या, खलास.
माझ्या पोटात धस्स झालं. गेला बिचारा?
रात्रभर त्या देखण्या वकिलासाठी हळहळले.
दुसऱ्या दिवशी नऊ वाजता
तो मजेत ऑलिव्ह खात होता.

आणि त्या मला बाई म्हणतात असं वाटायचं.
बोटं दाखवून, बाई, बाई.
मी मान डोलवायची. हो, बाईच.
मग एकदा त्यांच्या नातवानं सांगितलं,
आजी क गिळते. ती म्हणतेय, बाकी.
अजून इतके भाग बाकी.

त्यालाच विचारलं, आजीला ही मालिका एवढी का आवडते?
तो खांदे उडवत म्हणाला, आवडत नाही.
गोष्ट भंकस आहे, असं तीच म्हणते.
पण तुर्कांच्या तोंडी आवाज घातलेत ना,
ते दमास्कसचे आहेत.
तिच्या गल्लीत असंच बोलायचे.

त्या रात्री मी पडद्याकडे कमी बघितलं.
जिन्यातली बाई भांडत होती,
आणि उम्म गस्सान डोळे मिटून,
ओठ हलवत,
कुणाला तरी उत्तर देत होत्या.

चारुहासनं विचारलं, मिळाली का एखादी?
मिळाली म्हटलं.
नाव काय?
ते मला वाचता येत नाही.
कशाबद्दल आहे?
वारसाहक्क, म्हटलं. बहुतेक.
किती भाग?

बाई, म्हटलं,
छप्पन.